ब्लॉक की चार्ज, शिट्टी नक्की कोणाची?

प्रश्न: माझी मुलगी अंडर-१६ बास्केटबॉल खेळते. परवा समोरच्या टीमची गार्ड बॉल घेऊन आत घुसली, माझी मुलगी मधे उभी राहिली, धडक झाली, दोघी खाली. बेसलाइनवरच्या (रिंगमागच्या शेवटच्या रेषेवरच्या) पंचांनी चार्ज, म्हणजे फाउल बॉलवालीचा, असं दाखवलं आणि मागून धावत आलेल्या पंचांनी कमरेवर हात ठेवून ब्लॉक, म्हणजे फाउल माझ्या मुलीचा! मग दोघं बोलले आणि ब्लॉक दिला. जवळ तर बेसलाइनवाले होते, मग त्यांचं का नाही धरलं? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, जवळ कोण होतं यावर हे ठरतच नाही, ती डिफेंडर कोणाच्या नजरेत होती यावर ठरतं. नुसती धडक बघून ब्लॉक-चार्ज कळत नाही, त्याच्या आधीचा सेकंदभर बघितलेला असावा लागतो, म्हणजे तिचे दोन्ही पाय जमिनीवर आणि तोंड समोरचीकडे अशी जागा तिने कधी घेतली, समोरची हवेत उडायच्या आधी की नंतर, धडक छातीवर बसली की बाजूने खांद्याला. एकच माणूस हे सगळ्या खेळाडूंचं बघू शकत नाही म्हणून वाटणी केलेली असते.

दोन पंच असले की एक लीड, तो बेसलाइनच्या बाहेर, आणि दुसरा ट्रेल, तो खेळाच्या मागे. ड्राइव्ह, म्हणजे बॉल घेऊन रिंगकडे घुसणं, वरून (रिंगपासून लांबून) सुरू झाला तर बॉलवाली आणि तिला मार्क करणारी, ही जोडी ट्रेलची, अगदी रिंगपर्यंत, मग धडक लीडच्या नाकासमोर का होईना. लीडने त्या वेळी बॉलकडे बघायचंच नसतं, पेंटमधून, म्हणजे रिंगसमोरच्या चौकटीतून, मदतीला कोण सरकतंय ते बघायचं, कारण ती दुसरी डिफेंडर त्याची.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका गोष्टीवर अडतं: तुमची मुलगी त्या गार्डला वरपासून मार्क करत होती का? असेल तर मागून आलेल्यांचाच निर्णय, ते बरोबर झालं. ती दुसरीला सोडून मदतीला आली असेल तर मात्र लीडचा चार्ज राहायला हवा होता असं मला वाटतं.

पण खरी चूक त्याच्याही आधी झाली. फाउलची शिट्टी वाजली की पहिला इशारा एकच, हात सरळ वर आणि मूठ बंद. त्यात ब्लॉक की चार्ज काहीच कळत नाही आणि ते मुद्दामच तसं आहे. मूठ वर ठेवायची, पार्टनरकडे बघायचं, त्याचीही मूठ वर असेल तर ज्याचा हिस्सा त्याला सोडून द्यायचं, मग त्याने कमरेवर हात ठेवावा नाहीतर मूठ तळहातावर मारावी. इथे दोघांनीही घाई केली, आणि एकदा दोन उलटे इशारे सगळ्या हॉलने बघितले की कोणतातरी कोच भडकणारच. आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम चालतात, त्यात एक पंच दुसऱ्याचा निर्णय रद्द करू शकत नाही, एकमत नाही झालं तर शेवटचा शब्द क्रू चीफचा, म्हणजे मुख्य पंचाचा. अमेरिकेत शाळांच्या मॅचमधे असं झालं तर डबल फाउल, म्हणजे दोघींच्याही नावावर एकेक, मला ते अजिबात पटत नाही कारण पंचांच्या घाईची शिक्षा पोरींना कशाला.

प्रश्न: एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधे) तीन पंच असूनही चार्ज बहुतेक बेसलाइनवालाच देताना दिसतो, असं का? – एक वाचक, पुणे

उत्तर: कारण चार्ज घेणारा बऱ्याचदा मदतीला आलेला डिफेंडर असतो आणि तो लीडच्या समोर असतो. एनबीएने १९८८-८९ पासून तीन पंच कायमचे केले. तिसरा म्हणजे सेंटर, ट्रेलच्या विरुद्ध बाजूला, साधारण फ्री थ्रो लाइनच्या रेषेत. त्याच्या बाजूने ड्राइव्ह झाला तर मूळ डिफेंडर त्याचा, लीड फक्त मदतवाल्याला बघतो. रिंगखालचं अर्धवर्तुळही बघा, त्याच्या आत उभ्या मदतवाल्याला सहसा चार्ज मिळत नाही, एनबीएत ४ फुटांचं, फिबात १.२५ मीटरचं. मदतवाल्याचा पाय त्याच्या आत आहे का हे खालून नीट दिसतं, त्यामुळे तेही लीडकडेच.

प्रश्न: डिफेंडर हलली की ब्लॉकच ना? – एक खेळाडू, नागपूर

उत्तर: नाही! प्रेक्षकांतून "हलली, हलली" ओरडतात ते चुकीचं आहे. एकदा नीट जागा घेतली की ती बाजूला सरकू शकते, मागे जाऊ शकते, जागेवर सरळ उडीही मारू शकते. पुढे जाऊन धडकली तर मात्र फाउल तिचा. आणि समोरची हवेत गेल्यावर तिच्या वाटेत शिरायचं नाही, तो ब्लॉकच, मग धडकेच्या वेळी तू कितीही स्थिर उभी दिसलीस तरी. हवेतली मुलगी स्वतःला सावरू शकत नाही, घोटे आणि डोकी अशाच वेळी फुटतात, म्हणून या एका बाबतीत पंचांनी जराही ढिलाई करू नये असं माझं ठाम मत आहे.