खांदा दुखतोय म्हणून की मनापासून?

पत्र : आम्ही नऊ वर्षं स्टॉकहोमला आहोत. मुलगा सतरा वर्षांचा, ज्युनियर टेनिस स्पर्धा खेळतो. वर्षभर खांदा धरलाय, रँकिंग घसरलंय. आता म्हणतो, स्पर्धांच्या व्यवस्थापनात जायचंय. त्याच्या बाबांना ही पळवाट वाटते. – एक आई

नमस्कार ताई,

स्वीडनचा टेनिसपटू रॉबिन सोडरलिंग याचं नाव तुमच्या घरात निघत असेलच. २००१ मध्ये ज्युनियरांची ऑरेंज बाउल जिंकला, २००९ मध्ये रोलाँ गॅरोसवर, म्हणजे फ्रेंच ओपनमध्ये, नदालला हरवलं, पुढच्या वर्षी जगात चौथा. जुलै २०११ मध्ये स्वीडनमधल्याच बोस्टाडची स्पर्धा जिंकली आणि मग ग्लँड्युलर फीव्हर या विषाणूजन्य आजाराने असं गाठलं, की त्यानंतर एकही व्यावसायिक सामना नाही. वय २६! २०१४ मध्ये तो स्टॉकहोम ओपनचा स्पर्धा संचालक झाला. याला पळवाट कोण म्हणेल?

पण सोडरलिंगला नाव होतं. तुमच्या चिरंजीवांना क्लबच्या दारातूनच आत जावं लागेल. स्वीडनमधले बहुतेक क्लब सभासदांचे असतात. वार्षिक सभा कार्यकारिणी निवडते, नावं सुचवायला वेगळी समिती असते. आपल्या सोसायटीची एजीएम डोळ्यांसमोर आणा, फक्त पार्किंगचं भांडण वगळून. या सभेला तो कधी बसलाय का? इतिवृत्त स्वीडिशमध्ये लिहू शकेल का? शाळेतलं स्वीडिश आणि ठरावाचं स्वीडिश यांत फरक आहे.

पदवीसाठी व्हेक्श्योच्या लिनेयस विद्यापीठातला कोचिंग अँड स्पोर्ट मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम बघा. फी लागेल की नाही, हे तुमच्या निवास परवान्याच्या प्रकारावर ठरतं; विद्यापीठाला आत्ताच विचारा. 'लाइन जज होतो' म्हणाला, तर मात्र थांबवा. २०२५ पासून एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या, स्पर्धांत चेंडू आत की बाहेर हे यंत्रच सांगतं.

खांद्याचा निकाल फिजिओकडून आधी लावून घ्या. दुखण्याच्या भरात घेतलेला निर्णय खांदा बरा झाला की बदलतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

तोवर क्लबच्या पुढच्या ज्युनियर स्पर्धेत त्याला न खेळता दोन दिवस आयोजकांच्या टेबलापाशी बसू द्या. ड्रॉ लावणं (कोण कोणाशी खेळणार ते ठरवणं), लांबलेल्या सामन्यामुळे कोर्टांची उलथापालथ, सकाळी आठचा सामना का दिला म्हणून तावातावाने आलेले पालक. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून लवकर उठला, तर पुढचं बोलू. बाबांनाही त्या दिवशी किऑस्कवर कॉफी द्यायची ड्यूटी घेऊ द्या. तिथून टेबल नीट दिसतं.