चकवा ‘लागतो’, ‘देतात’ की ‘लावतात’?

नागपूरच्या महाल भागातील एका भगिनींनी पुढील शंका कळवली आहे. त्यांच्या मुलाने निबंधात ‘अदृश्य दुष्ट शक्तीने प्रवाशाला चकवा लावला’ असे लिहिले, शिक्षकांनी ‘लावला’ खोडून ‘दिला’ केले. यांतले बरोबर कोणते, आणि माणसाला त्याच्या नकळत फसवणारी अशी शक्ती असते असे आपली भाषा मानते काय?

मुलाला जो अर्थ सांगायचा आहे, त्याला माझ्या मते ही दोन्ही रूपे जुळत नाहीत. चकवा ‘देणारा’ जाणूनबुजून देतो आणि तो कोण हेही ठाऊक असते. कबड्डीतला चढाईपटू पकडायला आलेल्यांना चकवा देतो, पळालेला कैदी पोलिसांना देतो. रात्री वाट चुकलेल्या माणसाला मात्र चकवा ‘लागतो’. काटोलकडची माझी आजी सांगत असे, “रातभर त्याच धुऱ्यावर फिरत होता बिचारा, चकवा लागला होता त्याले.” या वाक्यात शेताचा धुरा म्हणजे बांध आहे, रात्र आहे, फिरणारा माणूस आहे, फसवणारा मात्र कुठेच नाही. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, वेड लागते, त्याच रांगेत हा चकवा बसतो. ज्याच्यावर प्रसंग येतो त्याला ‘ला’ किंवा आपल्याकडचा ‘ले’ जोडला जातो आणि हे कोणी घडवले याविषयी वाक्य काहीच बोलत नाही.

नकळतपणाची खूण काळातही आहे. ‘मला आत्ता चकवा लागतो आहे’ असे कोणी म्हणत नाही. ‘लागला होता’ हे उजाडल्यावर कळते, किंवा दुसरे सांगतात. त्यामुळे माणूस नकळत भरकटू शकतो, एवढे भाषा निश्चित मानते, आणि ते खरेही आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जर्मनीतील जंगलात सरळ चालण्यास सांगितलेली माणसे आकाश ढगाळ असताना गोल फिरून आपलीच वाट ओलांडत होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. सूर्य दिसत असताना मात्र ती बरीच सरळ चालली. तिथे भूत नव्हते, दिशेची खूण नव्हती.

‘लागणे’चे ‘लावणे’ झाले की करणारा पुढे येतो. नाद लागला, पण कोणीतरी नादी लावले. फूस तर कोणीतरी लावावीच लागते. ‘चकवा लावला’ हे रूप मात्र रूढ झाले नाही. जुन्या माणसांनी ती जागा रिकामी ठेवली, आणि मला ते फार मोलाचे वाटते, कारण त्या रिकाम्या जागेत नाव भरणारा माणूसच पुष्कळदा खरा फसवणारा असतो. ‘याला बाहेरचं लागलंय’ हे वाक्य ऐकून पाहा: ‘बाहेरचं’ नपुंसकलिंगी आहे, निनावी आहे, घाबरलेल्या घराला ते पुरते, आणि ते उतरवून देतो म्हणणारा दारात उभा असतो. डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात संमत झालेला जादूटोणाविरोधी कायदा भूत आहे की नाही या वादात शिरत नाही. भूत उतरवण्याच्या बहाण्याने मारहाण करणारा, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणारा माणूस तो शोधतो. भाषेने मोकळी सोडलेली कर्त्याची जागा कायद्याने माणसाच्या नावाने भरली.

‘भूल’ या शब्दातही असाच भेद आहे. भूल पडते तेव्हा आपल्याला कळत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देतात तेव्हा आपण संमतिपत्रावर सही केलेली असते.

तेव्हा मुलाचे वाक्य असे करावे: ‘प्रवाशाला चकवा लागला आणि तो रात्रभर त्याच वडाभोवती फिरत राहिला.’ ‘अदृश्य दुष्ट शक्तीने’ हे शब्द काढून टाकावेत, ‘लागला’पुढे ते व्याकरणातही बसत नाहीत. फसवणारा माणूस असेल तर बातमीदार लिहितात तसे ‘पोलीस असल्याची बतावणी करून त्याने वृद्धेला फसवले’ असे लिहावे आणि त्यातला ‘त्याने’ गाळू नये.