भिंतीवरच्या मार्टिनी-हेन्रीवर मुकुट, ‘व्ही.आर.’ आणि ‘एनफिल्ड’ कोरलंय. कोणी बनवली आणि अस्सल आहे का, हे कसं ओळखायचं?

मार्टिनी-हेन्री ही राणी व्हिक्टोरियाच्या काळातली ब्रिटिश सैन्याची बंदूक आणि व्ही.आर. म्हणजे ‘व्हिक्टोरिया रेजिना’, राणीचं नाव. त्या व्ही.आर.च्या खाली साल कोणतं आहे, तेच तुम्ही लिहिलं नाहीत. घोडं तिथंच अडतं.

काही वर्षांपूर्वी इंग्लंडात लेस्टरला थोरल्या साडूंकडे महिनाभर राहिलो होतो. दिवाणखान्यात मार्टिनी-हेन्री टांगलेली, खाली पितळी पाटी: ‘झुलू युद्ध, १८७९’. पाहुणा आला की चहाच्या आधी हिची कथा. माझी २९ वर्षं जिल्हा पोलिसांच्या शस्त्रागारात गेली, थ्री नॉट थ्री आणि चारशे दहा मस्केट उघडायच्या, चिंदी मारायची, परत जोडायच्या. चष्मा लावून जवळ गेलो. उजव्या अंगाला मुकुट, व्ही.आर., एनफिल्ड आणि साल १९०७.

राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये वारली. तिच्या नावाचा शिक्का १९०७ मध्ये कोण मारेल? शिवाय ‘एनफिल्ड’मधल्या एनची तिरकी रेघ उलटी. मी एवढंच म्हटलं, “भाऊसाहेब, ही दर्र्याची दिसतेय.”

दर्रा आदमखेल, पेशावरहून कोहाटला जाताना लागतं. तिथले आणि खैबरकडचे कारागीर कानशीने घासून अख्खी बंदूक उभी करतात. हाताला तोड नाही, पण इंग्रजी अक्षरं त्यांच्यासाठी नक्षी. एखाद्या खऱ्या बंदुकीवरची बघून काढायची, म्हणून एन उलटा होतो, स्पेलिंग चुकतं, साल मनाला येईल ते पडतं. अलीकडच्या अफगाण युद्धात गेलेल्या गोऱ्या सैनिकांनी काबूलच्या बाजारातून असल्या बंदुका हौसेने घरी नेल्या.

साडू म्हणाले, “तुमच्या शस्त्रागारात मार्टिनी होती का एक तरी? तेल पुसणाऱ्यांनी इतिहास शिकवू नये.” बायकोने डोळे वटारले म्हणून गप्प बसलो. मार्टिनी नव्हती, कबूल. पण शिक्का मारलेला आणि शिक्का कोरलेला यातला फरक कळायला मार्टिनी लागत नाही. कारखान्यात पोलादी ठसा एका घावात बसतो, अक्षराच्या कडा साफ आणि खोली सारखी. छिन्नीने कोरलेलं अक्षर भिंगाखाली टिंबाटिंबांचं दिसतं, रेघ मध्येच जाड, मध्येच बारीक. नखाने चाचपलं तरी समजतं. साडूंना तेव्हा हेच दाखवायचं होतं, त्यांनी भिंगच दिलं नाही.

राहिला बनवणारा. त्याचं नाव मुकुटाखालीच असतं. एनफिल्ड म्हणजे सरकारी कारखाना, बी.एस.ए. अँड एम. कंपनी बर्मिंगहॅमची, एल.एस.ए. लंडनची आणि एन.ए. अँड ए. ही चौथी. त्याखाली रोमन आकड्यात मार्क, म्हणजे बंदुकीची आवृत्ती, एक ते चार. नळीत टॉर्च मारा, हेन्रीच्या पद्धतीचे सात आटे, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, दिसायला हवेत. दुकानदाराच्या प्रमाणपत्राला माझ्या लेखी किंमत नाही, ते दुकानदारानेच लिहिलेलं असतं. साडूंकडेही होतं, फ्रेम करून.

हां, एक गोष्ट. डाव्या अंगाला ‘एम.ई.’ आणि नंतरचं साल दिसलं तर लगेच नकली म्हणू नका. जुन्या मार्टिनी पुढे नळी बदलून थ्री नॉट थ्री केल्या, त्यांना मार्टिनी-एनफिल्ड म्हणतात. पण व्ही.आर.च्या खालचं साल राणीच्या हयातीतलंच पाहिजे.

आणि देवनागरी आकडे दिसले तर खूशच व्हा. ती नेपाळच्या सैन्यातली असू शकते. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला, म्हणजे तिथल्या शस्त्रागारातला, जुना साठा २००३ मध्ये विकला गेला, तेव्हा हजारोंनी बाहेर आल्या. त्यांच्यातली गहेंद्र रायफल दिसायला मार्टिनीसारखी, पण नेपाळातच बनलेली. तिला नकली म्हणणं हा अन्याय आहे.

गंज दिसला तर सँडपेपर लावू नका, शिक्का जाईल. तेलाची चिंदी पुरे. उडवून बघायचा मोह नको, विशेषतः दर्र्याची असेल तर. भारतात असाल तर फोटोच्या आधी पोलीस ठाण्यात विचारा. निकामी पुरातन हत्याराला कायद्यात सवलत आहे, पण ते निकामी आहे की नाही हे तुम्ही-मी ठरवायचं नसतं.

उजव्या अंगाचा फोटो टाका, दिवसाउजेडी, तिरप्या प्रकाशात. तुमचा एन सरळ निघाला तर मीच तो साडूंना पाठवेन. त्यांची पाटी अजून तशीच आहे, परवाच्या व्हिडिओ कॉलवर पाहिली.