दोन जुन्या फियाट आणि पार्किंग एकच. डुक्कर ठेवू की पद्मिनी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील गेले, मागे 1956ची डुक्कर फियाट (जुन्या फियाट 1100चं टोपणनाव) आणि 1979ची प्रीमियर पद्मिनी राहिली. पार्ल्यातली सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे आणि नव्या इमारतीत पार्किंग एकच मिळणार. धाकटा भाऊ म्हणतो, डुक्कर दुर्मिळ आहे, ती ठेवू. पद्मिनी काय पैशाला पासरी, भंगारात देऊन टाकू.

मी उलटं सांगेन. डुक्कर विका, पद्मिनी ठेवा.

हे मी शहाणपणातून नाही, हात पोळल्यामुळे सांगतोय. 2009 साली आमची मुलुंडची इमारत पाडायला निघाली तेव्हा माझ्याकडेही दोन गाड्या होत्या. एक वडिलांची पद्मिनी, दुसरी मी हौसेने घेतलेली दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड. हेरल्ड दिसायला अशी की पेट्रोल पंपावर लोक विचारपूस करायचे. इटलीच्या मिकेलॉत्तीचं डिझाइन, अख्खं बॉनेट पुढच्या बाजूला उघडायचं. त्या काळात मुंबईत कुठल्याही सिग्नलला चार पद्मिनी टॅक्स्या उभ्या असायच्या. असली गाडी कोण जपतं? मी वडिलांची पद्मिनी जवळपास किलोच्या भावाने देऊन टाकली आणि हेरल्ड बहिणीच्या सोसायटीबाहेर, गल्लीत, ताडपत्रीखाली उभी केली. दोन पावसाळ्यांत ब्रेक जाम झाले, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसली आणि ताडपत्रीच्या आत कोंडलेल्या ओलीने चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, खाल्ली. शेवटी टेम्पोत घालून विकावी लागली. आणि खरं सांगायचं तर ती धडधाकट होती तेव्हाही आई तिच्यात क्वचितच बसली. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं, तेही नऊवारीत. पद्मिनीत ती पुढच्या सलग सीटवर ऐसपैस बसायची, मांडीवर भाजीची पिशवी.

आता तुमच्या दोन गाड्यांबद्दल. दोघी कुर्ल्याच्याच, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या. 1100 ही मालिका इथे पन्नाशीच्या दशकात सुरू झाली, तिच्यातूनच पुढे डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि 1974च्या सुमारास पद्मिनी हे नाव. इंजिन दोघींचं 1089 सीसी, एकाच घराण्यातलं. त्यामुळे डुक्करच्या इंजिनाची धास्ती नको, जुना फियाट मिस्त्री ते डोळे मिटून खोलेल. अडतं ते बाकीच्यात: मागच्या दिव्याच्या काचा, काचेभोवतीचं रबर बीडिंग, क्रोमच्या पट्ट्या, उलटी उघडणाऱ्या पुढच्या दारांची बिजागरी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांत पद्मिनीचं सामान चिकाटीने शोधलं तर अजून हाती लागतं. डुक्करची एक लेन्स फुटली की वर्ष जातं.

पत्रा तपासल्याशिवाय मात्र माझंही ऐकू नका. या दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसी नाही, बॉडी हेच हाड. दारांखालचा उंबरा, फ्लोअर, मागच्या सीटखालचा भाग सडला असेल तर वरचा रंग कितीही चकाको, आत पोकळच. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या बाजूने फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. 26 जुलै 2005ला, सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला त्या दिवशी, या गाड्या कुठे उभ्या होत्या, तेही घरात विचारा. पद्मिनीचा उंबरा पूर्ण गेला असेल आणि डुक्कर कोरडी निघाली, तर माझा सल्ला खुशाल फिरवा.

आता भावाच्या दुर्मिळपणाच्या मुद्द्याबद्दल. टॅक्सीला मुंबईत 20 वर्षांची मर्यादा, शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ऑक्टोबर 2003 मध्ये, म्हणजे 2023च्या ऑक्टोबरअखेर त्या कायद्यानेच रस्त्यावरून गेल्या. पैशाला पासरी होत्या त्या टॅक्स्या. नीट ठेवलेली, पहिल्या मालकाच्या घरातली खासगी पद्मिनी आज रोज कुठे दिसते? भावाला गेल्या महिन्यात किती दिसल्या, मोजायला सांगा.

कागदपत्रांत डुक्करचं एक वेगळंच त्रांगडं आहे. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला 20 हजार, ती 10 वर्षं चालते, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर राखता येतो. पण ती नोंदणी घेतलीत की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. पद्मिनीला अजून 50 झालेली नाहीत, ती दर पाच वर्षांनी तपासणी आणि पर्यावरण कर भरून साधी गाडी म्हणून चालू राहते. आईला घेऊन सकाळी पार्ल्याच्या बाजारात जायचं असेल तर तीच उपयोगाची.

विकण्याआधी दोन्ही गाड्या वारसाच्या नावावर करून घ्या. मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरासाठी फॉर्म 31 लागतो. बाकी वारसांची, म्हणजे भावाची आणि आईची, लेखी संमती आत्ताच घ्या, सगळे एकाच घरात आहेत तोवर. विक्रीचे फॉर्म 29 आणि 30 त्यानंतर. आरसीवरचा इंजिन नंबर प्रत्यक्ष इंजिनाशी जुळतो का, तेही बघा. वडिलांनी मधे कधी इंजिन बदललं असेल तर ग्राहक नेमका तिथेच बोट ठेवेल.

कराचं बहुतेक कुणी सांगत नाही. स्वतःच्या वापराची गाडी विकली तर भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही, असं आपण धरून चालतो. पण मुंबई उच्च न्यायालयात 2025 मध्ये एक प्रकरण निकाली निघालं. 1983 साली 20 हजारांना घेतलेली 1931ची फोर्ड टूरर पुढे 21 लाखांना विकली होती. ती खरोखर वैयक्तिक वापरात होती हे दाखवता आलं नाही, म्हणून नफा करपात्र ठरला. वडील डुक्कर चालवत असतील तर विम्याच्या पावत्या, पीयूसी, लग्नाच्या वरातीतले फोटो, जे सापडेल ते एका फाइलमध्ये ठेवा आणि सीएला दाखवा.

गेटवर येऊन "आत्ता रोख देतो" म्हणणाऱ्याला डुक्कर देऊ नका. तो बहुधा दलाल असतो. जुन्या फियाटवाल्यांत शब्द टाका, रॅलीला जाणाऱ्यांना बोलवा, आणि ज्याच्याकडे बंदिस्त गॅरेज आहे त्यालाच द्या, चार पैसे कमी आले तरी. माळ्यावर वडिलांनी जपलेले स्क्रू, हबकॅप, जॅक, जुनी लेन्स असलेले डबे असतील. ते रद्दीत घालू नका, गाडीबरोबर द्या. घेणारा आधी तेच उघडून बघेल.

भाड्याच्या घरात राहाल ती तीन वर्षं पद्मिनी आठवड्यातून एकदा तरी दहा किलोमीटर पळवा, नुसती जागेवर सुरू करून ठेवू नका. प्लास्टिकची ताडपत्री नको, कापडी कव्हर घाला. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम बदलून घ्या, आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलने ते लवकर कुजतात.

आणि नव्या इमारतीत स्टॅक पार्किंग, म्हणजे ट्रेवर एकावर एक गाड्या, येणार असेल तर वाटप व्हायच्या आत खालचा ट्रे मागून घ्या. ही इंजिनं थोडं तेल गाळतातच. वरच्या ट्रेवर तुमची पद्मिनी आणि खाली सेक्रेटरींची नवी पांढरी गाडी, एवढं सोडून काहीही चालेल.