नव्या उबुंटूवर हरवलेली लायब्ररी

प्रश्न : उबुंटू २२.०४ (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम) घेतल्यापासून माझा हिशेबाचा जुना प्रोग्रॅम ‘लिबएसएसएल १.१ सापडत नाही’ असा संदेश देऊन बंद पडतो. नव्या लायब्ररीला (प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या फाइलला) जुन्या नावाची सिमलिंक, म्हणजे त्या फाइलकडे नेणारे दुसरे नाव, द्यावी का?

उत्तर : मुळीच देऊ नये. लिबएसएसएल ही ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमधली लायब्ररी आहे. या उबुंटूत ओपनएसएसएल ३.० असून तिची बायनरी रचना (तयार प्रोग्रॅम तिला ज्या पद्धतीने जोडला जातो ती) १.१ शी जुळत नाही, त्यामुळे नुसत्या नावाने फसलेला प्रोग्रॅम पुढच्याच पायरीवर अडखळेल. आधी टर्मिनलमध्ये ‘एलडीडी’ (ldd) ही कमांड लिहून पुढे प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ द्यावा. ज्या ओळींत ‘नॉट फाउंड’ दिसेल, त्याच लायब्रऱ्या गहाळ आहेत. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती मिळाल्यास उत्तमच. नसेल, तर तो १.१ असलेल्या उबुंटू २०.०४ च्या कंटेनरमध्ये (मूळ सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात), शक्यतो इंटरनेटविना चालवावा. जुन्या लायब्ररीचे डेब पॅकेज (उबुंटूची इन्स्टॉल करायची फाइल) मूळ सिस्टिममध्ये बसवू नये, कारण १.१ मालिकेतल्या शेवटच्या १.१.१ ची सार्वजनिक देखभाल सप्टेंबर २०२३ मध्येच थांबली आहे.