तीन मिररचे तुकडे, एक फाईल

प्रश्न : आमच्याकडे ४० एमबीपीएसचे ब्रॉडबँड आहे. लिनक्सची ४ जीबीची आयएसओ फाईल डाउनलोड करताना दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. भाचा म्हणतो की ‘एरिया-टू’ या डाउनलोड प्रोग्रामला तीन मिररचे (तीच फाईल ठेवणाऱ्या वेगवेगळ्या सर्व्हरचे) पत्ते दिले, तर तिप्पट वेग मिळतो. हे खरे का, आणि तीन ठिकाणचे तुकडे नीट जुळतात का? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : तुकडे बिनचूक जुळतात. फाईलमधील प्रत्येक बाइटला शून्यापासून सुरू होणारा क्रमांक असतो. त्यामुळे प्रोग्राम एका मिररकडे ० ते १०,४८,५७५ एवढेच बाइट मागतो, दुसऱ्याकडे त्यापुढचे, आणि कोणताही तुकडा आधी आला तरी तो डिस्कवर आपापल्या जागीच लिहितो. अशी मागणी मान्य असल्यास सर्व्हर २०६ हा संकेतांक देतो. २०० आल्यास तो सबंध फाईलच पाठवू लागला आहे असे समजावे.

धोका आहे तो मिररवरच्या प्रतीचा. नाव आणि आकार तोच असूनही एखाद्या मिररवरची प्रत बिघडलेली असू शकते आणि तिच्यातला एक तुकडा मिसळला तरी सगळी फाईल वाया जाते. म्हणून डाउनलोड संपताच फाईलचा एसएचए-२५६ चेकसम (फाईलमधल्या बाइटांवरून काढलेला, ओळख पटवणारा संकेत) काढून तो मूळ प्रकल्पाच्या संकेतस्थळावरील ६४ अक्षरी चेकसमशी ताडून पाहावा. मिररवर दिलेल्या चेकसमवर विसंबू नये. अर्थात हा चेकसम फाईल बिघडली एवढेच सांगतो, कुठे बिघडली ते नाही. टॉरेंटमध्ये, म्हणजे अनेकांच्या संगणकांवरून तुकडे गोळा करण्याच्या पद्धतीत, प्रत्येक तुकड्याचा चेकसम वेगळा असल्याने बिघडलेला तेवढा तुकडा पुन्हा मागवता येतो आणि याबाबतीत ती पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते.

आता वेग. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट; म्हणून आपल्या ४० एमबीपीएसमधून सेकंदाला फार तर ५ एमबी (मेगाबाइट) येणार. एक मिरर २ एमबीच देत असेल तर फाईलला सुमारे ३३ मिनिटे लागतील. तीन मिळून ६ एमबी देऊ शकले तरी आपण ५ एमबीवरच अडकणार आणि काम साधारण साडेतेरा मिनिटांत होईल. एकटा मिररच ५ एमबी देत असेल, तर उरलेल्या दोघांमुळे वेग वाढणार नाही.

वीज गेल्यावर मात्र अर्धवट फाईलशेजारी दिसणारी ‘.एरिया२’ या विस्ताराची छोटी फाईल कचरा समजून पुसू नये. कोणते तुकडे आले याची नोंद तिच्यातच असते. त्याच फोल्डरमधून तीच आज्ञा पुन्हा दिली की राहिलेले तेवढेच तुकडे मागवले जातात.