बऱ्याच वर्षांनी सुतारकामाकडे परतताना चांगली हत्यारं कमी खर्चात कशी जमवावीत?

तुम्ही लिहिलंय की विशीत सुतारकाम शिकलात, पुढे ते सुटलं, हत्यारं देऊन टाकली. आता पुन्हा सुरू करायचंय, तर एखादा तयार सेट घ्यावा की एकेक हत्यार, आणि जुनी वापरलेली घेतली तर चालतील का? मीही चौदा वर्षांच्या खंडानंतर परत आलो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

सेट घेऊ नका. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी बारा पटाश्यांचा, म्हणजे लाकडात खाच मारायच्या छिन्न्यांचा, सेट घेतला होता. त्यातल्या तीनच आज वापरात आहेत आणि त्याही सारखी धार मागतात. पोलाद मऊ आहे, कठीण लाकडात खाच मारायला घेतली की पाच-दहा ठोक्यांत धार वळते. तेवढ्याच खर्चात तीन-चार उत्तम पटाश्या आल्या असत्या. ६, १२, १८ आणि २५ मिलिमीटर एवढ्या मापांवर पहिलं वर्ष आरामात निघतं. बाकीची मापं एखाद्या कामात अडलं की घ्या.

पहिला खर्च मात्र पटाशीवरही करू नका, धार लावायच्या सामानावर करा. हे मी अगदी आग्रहाने सांगतोय. हात विसरलेला असतो असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक वेळा हत्यार बोथट असतं. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती घसरते, आणि घसरली की लाकूड जातं किंवा हात कापतो. १००० आणि ६००० ग्रिटचे (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दोन दगड आणि लाकडी पट्टीवर चिकटवलेला चामड्याचा तुकडा, त्यावर हिरवी पॉलिशची पेस्ट, एवढं पुरे. तेही आत्ता नको असेल तर जाड सपाट काचेवर वॉटर पेपर पाणी लावून चिकटवा: २२०, ४००, ८००, १२००, २०००. कागद झिजत राहतात, त्यामुळे पुढे जाऊन दगडच स्वस्त पडतात, पण सुरुवात काचेवर छान होते.

आधी पटाशीची पाठ सपाट करायची, सगळी नाही, टोकाकडचे दोन-तीन सेंटिमीटर पुरतात. मग २५ अंशांचा उतार आणि अगदी कडेला ३० अंशांवर काही फेऱ्या. पाठीकडे बोटाला बारीक उलटलेली कड लागली की समजायचं, धार टोकापर्यंत पोहोचली. ती कड पाठ दगडावर सपाट ठेवून काढा आणि शेवटी चामड्यावर ओढा. परीक्षा घ्यायची ती मऊ लाकडाच्या फळीच्या टोकाला, जिथे रेशे आडवे कापलेले दिसतात. तिथे पातळ ढलपी निघाली आणि खालचा भाग चकचकीत दिसला तर धार लागली. पांढुरका, चुरगळलेला दिसला तर पुन्हा दगडावर या.

आता जुनं की नवं. मी एकच प्रश्न विचारतो: यातला दोष मला माझ्या हाताने काढता येईल का? येत असेल तर जुनं घ्यायचं, नसेल तर नवं.

रंधा जुनाच घ्या. लोखंडी रंध्याची जी रचना आजही सगळीकडे दिसते ती लिओनार्ड बेली या अमेरिकी हत्यारं बनवणाऱ्याची. त्याचे हक्क स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये घेतले आणि तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. म्हणून कित्येक दशकं जुना रंधाही साफ करून, पातं लावून आजच्यासारखाच चालतो. पहिला रंधा ५ नंबरचा (हे स्टॅन्लीचे मापाचे नंबर) घ्या असं माझं मत आहे. लांबी साधारण १४ इंच, म्हणजे फळी सरळ करायलाही येतो आणि पातं नीट लावलं तर शेवटचा हात फिरवायलाही. बरेच जण ४ नंबर सुचवतात. तो साडेनऊ इंचांच्या आसपास असतो, गुळगुळीत करायला फार गोड, पण एकच रंधा असेल तर लांब फळीवर तो खड्ड्यात उतरतो आणि उंचवट्यावर चढतो.

जुना रंधा हातात आला की उलटा करून तोंडाजवळ, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीजवळ, आणि दोन्ही बाजूंना चीर आहे का ते आधी बघा. ओतीव लोखंड ठिसूळ असतं, पडलं की तडकतं, आणि तडा घरी दुरुस्त होत नाही. चीर दिसली तर कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या. मग पातं काढून बघा किती लांबी उरली आहे. पाठीला धारेजवळ गंजाचे खोल खड्डे असतील तर पातं गेलं असं धरा, कारण प्रत्येक खड्डा धारेत खाच बनून येतो. पातं नवं मिळतं, स्क्रूचं मात्र अवघड आहे. जुन्या स्टॅन्लीच्या कित्येक स्क्रूंचे आटे आजच्या प्रमाणित मापांत बसत नाहीत, त्यामुळे एक स्क्रू हरवलेला रंधा महिनोन्महिने पडून राहतो. वरवरचा गंज, उडालेला रंग, हलणारी मूठ, यांना घाबरू नका. उलट अशा दिसण्यामुळेच चांगले रंधे स्वस्तात मिळतात.

पातं आणि सुटे लोखंडी भाग रात्रभर साध्या व्हिनेगरमध्ये ठेवले की गंज सैल होतो. सकाळी ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा म्हणजे आम्ल उरणार नाही, लगेच कोरडे करून तेल लावा. हे ‘लगेच’ महत्त्वाचं आहे, उघडं पोलाद तासाभरात पुन्हा तांबूस होतं. पातं ग्राइंडरवर नेलंत तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. धार निळी पडली म्हणजे तिथल्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला, तेवढा भाग घासून टाकल्याशिवाय ती धार टिकणार नाही.

मापाची हत्यारं नवी आणि चांगली घ्या. गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, घेताना तिथेच तपासा. सरळ कडेच्या फळीला गुण्या लावून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फट दिसली तर खरी चूक तिच्या निम्मी. चुकलेला गुण्या प्रत्येक सांध्यात आपली चूक पेरत जातो आणि आपण दोष करवतीला देतो.

करवतीही आता मी नव्या घेतो, आणि तुम्हाला जपानी पद्धतीची, ओढताना कापणारी सुचवेन. ओढताना पातं ताणलेलं राहतं, म्हणून ते पातळ ठेवता येतं, काप अरुंद येतो आणि परतलेल्या हाताला सरळ कापणं सोपं जातं. त्यातल्या बहुतेकींचे दात उष्णतेने कडक केलेले असतात, कानशीने पुन्हा धार लागत नाही, म्हणून पातं बदलता येणारी घ्या. जुन्या, ढकलून चालवायच्या करवतीला तिकोनी कानशीने धार लावणं ही सुंदर कला आहे, पण पहिल्या वर्षात नको.

यंत्रांपैकी सुरुवातीला फक्त ड्रिल. टेबल सॉचा, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल पात्याच्या करवतयंत्राचा, मोह मला फार झाला होता, आणि तो मी टाळला याचं अजून समाधान आहे. यंत्र आलं की जागा लागते, धूळ काढायची सोय लागते. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच ते नोंदवलंय. पॉलिश पेपर मारतानासुद्धा मास्क लावा.

काही हत्यारं विकत घ्यायचीच नाहीत. मोगरी, म्हणजे पटाशीवर ठोकायचा लाकडी हातोडा, स्वतः करा. करवतताना लाकूड अडवायचा ठोकळा, म्हणजे एका फळीला वर एक आणि खाली एक पट्टी, तासाभरात होतो. त्यानंतर शूटिंग बोर्ड करा. त्यावर फळी ठेवून रंधा आडवा चालवला की टोक नेमकं काटकोनात येतं, मग करवतीचा काप थोडा वाकडा गेला तरी चालतं. माझ्या कामात सगळ्यात मोठा फरक या एका फळकुटाने पडला, आणि त्यात वापरलं ते उरलेलं लाकूड.

मग पहिलं काम म्हणून हत्यारांची पेटी करा. डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे सांधे, जमत नसतील तर साधे खाचांचे सांधे करा. पेटी करताना काय कमी पडलं ते कळेल, पुढचं हत्यार ते. मी शिकंजे (गोंद सुकेपर्यंत सांधे दाबून धरणारे क्लॅम्प) कमी घेतले होते, गोंद लावल्यावर कळलं, तर निदान चार तरी आधी हाताशी ठेवा.

एखादा जुना रंधा पाहून ठेवला असेल तर घेण्याआधी तळाचा आणि पात्याच्या पाठीचा स्पष्ट फोटो इथे टाका. घेण्याजोगा आहे का ते सांगतो.